मागून येणारीचं पान

येळवशीला चोराची चंगळ व्हायला हवी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळं गाव दाराला कुलूप घालून रानात जातं. म्हातारीकोतारी बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात, आणि गल्लीत कुत्रंसुद्धा उरत नाही, कारण आज भाकरी रानात आहे हे कुत्र्यालाही कळतं. पण चोर बिचारा गावाकडं निघाला की वाटेतच कुणीतरी बांधावरून हाक मारतं, ‘या पाव्हणं, आंबील प्या.’ एकदा पत्रावळीवर बसला की रानातल्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि वर तांब्याभर आंबील. मग त्याच्यानं उठवत नाही. माकणीच्या धरणाच्या या अंगाला तरी येळवशीला चोरी झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

या दिवसाचा कायदा एकच. रानात येईल त्याला वाढायचं, आणि तू कोण, कुठला, कुठं निघालास हे विचारायचं नाही. जेवणाऱ्याची चौकशी करणं म्हणजे त्याचे घास मोजणं. निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणणं तर इतर दिवशीसुद्धा अपशकुन. कायदा चांगला आहे, त्याला कुणी नावं ठेवणार नाही. पण चार माणसांच्या चांगुलपणानं एखादा माणूस कसा हातचा निसटतो, हे दैवशालानं त्या येळवशीला पाहिलं.

दैवशालाचा नवरा रामलिंग दोन वर्षांपासून विसरत चालला होता. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरला, मग बैलांची नावं, मग लेकाचं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून सांगितलं, हे असंच उतरणीला लागणार, फक्त नजर ठेवा. दैवशालानं नजर ठेवली. पण दिवाळीपासून तो तिलाच ‘बाई’ म्हणायला लागला, ‘तुमी’ म्हणायला लागला, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. गंमत अशी की आठवणी गेल्या तरी त्याची रीतभात शाबूत राहिली, उलट वाढली. चहाचा कप हातात दिला की म्हणायचा, “कशाला तकलीफ घेतली, बाई?” जन्मभर जी त्याच्यासाठी चुलीपुढं बसली तिला त्यानं असं कधी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता विचारत होता तो परकी समजून. हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही टाळायची आणि भांडी घासायची.

येळवशीला तिचा लेक बालाजी नळदुर्गहून आला होता. हायवेला त्याचं गॅरेज आहे. सून निकिताही आली होती. रानात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, उभारली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. रामलिंगला बाभळीखाली घोंगडीवर बसवलं आणि सगळे पूजेला लागले. बालाजी पुढं होऊन आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ म्हणत कोपीभोवती फिरला, मागनं निकिता, तिच्या मागनं दैवशाला. फेरा पुरा करून ती बाभळीकडं वळली तर तिथं नवराही नव्हता आणि घोंगडीही नव्हती.

ज्वारी हुरड्याला आली होती, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. दोन हातांवर कुणी उभं असलं तरी दिसायचं नाही. दैवशालानं हाक मारली, “अवो!” नाव कधी घेतलं नव्हतं, त्यामुळं हाक मारायची तरी काय, असा तिला प्रश्न पडला. ज्वारीची पानं सळसळली आणि गप्प झाली.

“आये, आबा सडकंकडंच जातेत नेहमी,” बालाजी म्हणाला. “म्या गाडीवर तिकडं बगतो. निकिता हितंच थांबंल, माघारी आलं तर. तू वड्याच्या अंगानं जा.”

दैवशाला निघाली. तिच्या डोक्यात एकच होतं, कालवा. आठवड्यापूर्वीच कालव्याला पाणी सुटलं होतं, काठोकाठ वाहत होतं. परवा कुणाची तरी गाय पाय घसरून पडली, ती पार खालच्या गावाला सापडली. दिवस मावळायच्या आत माणूस हाताला लागला तर लागला. पुढं अमावस्येचा अंधार होता.

पहिलं रान वीरप्पाचं. रामलिंगच्या बरोबरीचा, थट्टेखोर माणूस. तिला पाहताच तो लिंबाखालून हसत उठला.

“या वहिनी, या. तुमचीच वाट बगाया लागलो.”

“आमचं मालक आलं व्हतं का हिकडं?”

“आलं व्हतं म्हंजे? जेवून गेलं की. दोन पानं मांडा म्हणलं, मंडळी हाय संगं. आमी म्हणलं, वहिनी येत्याल मागनं. वाढून ठिवलं तुमचं पान.”

“मग आडवलं का न्हाई त्यास्नी? तुमाला ठावं न्हाई का त्यांचं?”

वीरप्पाचा चेहरा पडला. “वहिनी, येळवशीला जेवून उठलेल्या माणसाला कुठं निघालाव म्हणून कसं इचारावं? वाटलं, पल्याड तुमीच हुब्या आसाल.”

लिंबाखाली दोन पत्रावळी होत्या. एकीवर भाकरीच्या कडा उरलेल्या. दात गेल्यापासून रामलिंग मऊ तेवढं खातो, कडा ठेवतो, ते पान त्याचंच. दुसरं पान पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि जेवण झाल्यावर बायका दुमडतात तसं नीट दुमडून ठेवलेलं.

“ह्ये कुणी खाल्लं?” दैवशालानं विचारलं.

वीरप्पानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं वीरप्पाकडं. “कुत्रं आसंल,” तो म्हणाला.

“कुत्रं पान दुमडून ठिवतं व्हय?”

 वीरप्पाच्या बायकोनं वाटीत आंबील ओतून पुढं केली. येळवशीला रानातून कोरड्या तोंडानं कुणाला जाऊ देत नाहीत. दैवशालानं उभ्या उभ्या घोट घेतला, तिला चवही कळली नाही, आणि ती बांधानं पुढं निघाली.

वीरप्पाच्या रानाच्या पुढं वाट ज्वारीत शिरते. एरवी येळवशीला रान कसं गजबजलेलं असतं, पोरं झोके घेतात, कुठं मोबाइलवर गाणी चालू असतात. पण त्या दुपारी दैवशाला जसजशी पुढं गेली तसतसा तो सगळा गोंगाट मागं राहिला. एकदा तिला पुढच्या वळणावर बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या. काचेच्या, भरगच्च बांगड्या. ती पळतच वळणावर गेली. तिथं कुणी नव्हतं, पण पायवाटेवर आंबील सांडली होती आणि ती अजून जमिनीत मुरली नव्हती.

पुढच्या रानात एक नवी नवरी कोपीपाशी एकटीच बसली होती. करिश्मा तिचं नाव. उन्हाळ्यात लग्न होऊन भूमकडच्या ईट गावाहून इथं आलेली, अजून निम्म्या गावाची तिला ओळख नव्हती. घरचे सगळे चिंचेला झोका बांधायला गेले होते. दैवशालाला पाहून ती लगबगीनं उठली आणि एका पत्रावळीवर झाकलेली परात उचलली.

“या काकू, बसा. तुमचंच पान झाकून ठिवलंय.”

“माजं?” दैवशाला जागच्या जागी थांबली. “तुला कुणी सांगितलं म्या येतीय म्हणून?”

“त्या म्हणल्या की. आजोबांच्या संगं व्हत्या त्या. म्हणल्या, मागनं एकजण येतीय, लई दमून येतीय, तिचं पान झाकून ठिव.”

 दैवशालानं कोपीची मेढ धरली. “कशी व्हती गं बाई?”

“वयानं लई न्हाई. माज्यापरीस चार वर्सांनी थोरली आसंल. म्या म्हणलं, आजोबांची नात आसंल. हिरवं इरकल नेसली व्हती, पदराला पिवळे मोर. डोईवर आंबिलीचं मडकं. म्या बसा म्हणलं तर बसली न्हाई, आजोबा जेवस्तवर हुबीच ऱ्हायली. आत्याबाईंनी सांगितलंय, आल्यागेल्या सवाष्णीला कुंकू लाव, म्हणून म्या लावलं.”  करिश्मा उजव्या हाताचं बोट पुढं करून म्हणाली, “कपाळ लई गार व्हतं, काकू. बोट आजून बधिर हाय बगा माजं.”

दैवशालानं ते बोट हातात घेतलं. पोरीचा सगळा हात उन्हानं कोमट होता, आणि ते एक बोट हिवाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखं थंडगार होतं.

आता सांगायलाच हवं. दैवशाला रामलिंगला दुसरेपणावर दिलेली. पहिली सिताबाई. ती बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत. दैवशालाच्या लग्नात सासूनं मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा टाक तिच्या गळ्यात बांधला होता, त्यावर बाईची पुसटशी आकृती. हा सवतीचा टाक. सासूनं रीत सांगितली होती. नवं लुगडं आलं की आधी टाकापुढं ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, म्हणायचं, आधी तुमी नेसा, मग म्या नेसते. बांगड्या भरल्या तरी तेच, सणाचा पहिला घास तोच. कंटाळा येत नव्हता असं नाही, कधी कधी मनातल्या मनात ती चरफडायचीही, पण चाळीस वर्षांत तिनं हे एकदाही चुकवलं नव्हतं. जिला कधी पाहिलं नाही तिच्याशी कशाचं वैर धरायचं? उलट बिचारीचं काहीच भोगून झालं नाही, याची तिला दया यायची.

निकितानं दिवाळीला सासूसाठी लुगडं आणलं होतं. हिरवं इरकल, पदराला पिवळे मोर. दैवशालानं ते टाकापुढं ठेवलं, ‘आधी तुमी नेसा’ म्हटलं आणि घडी न मोडता पेटीत घातलं. पेटीला कुलूप होतं, घराला कुलूप होतं, आणि दोन्ही किल्ल्या या घडीला तिच्या कमरेला होत्या.

“काकू, जेवता न्हवं?” करिश्मानं विचारलं.

“पोरी, माजं पान राहू दे. देवाला पोचलं म्हण,” असं म्हणून दैवशाला तिथून निघाली ती जवळजवळ पळतच.

ओढ्याच्या काठाला कमलबाईचं रान. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी अधू, कानांनी मात्र तिखट. तिला कोपीपुढं ऊन खायला बसवून नातवंडं कुठंतरी उंडारत होती. दैवशालाची चाहूल लागताच ती म्हणाली, “दैवशाला ना गं? ये. सिता आत्ताच गेली.”

जसं काही शेजारीण मीठ मागायला येऊन गेली.

“आत्या, काय बोलताव?”

“काय बोलू? आवाज वळखला म्या तिचा. माज्या हातावर हात ठिवला तिनं. लेकीवानी माया व्हती तिची माज्यावर. रामलिंग बी व्हता. लई खुशीत व्हता त्यो. म्या दोगांस्नी वाढाया सांगितलं.”

“तुमी भ्याला न्हाई?”

“आता या वयात म्या कुणाला भिऊ? आन येळवशीला आलेलीला तू मेलीस का जित्ती, आसं इचारायचं व्हय?”

दैवशाला तिच्यापुढं खाली बसली. कमलबाईनं चाचपडत तिचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. मग सांगितलं ते दैवशालाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा, कालवा खणायच्या आधी, रामलिंगचं रान आता कालवा आहे तिथं होतं. सिताबाईनं येळवशीच्या आदल्या दिवशी आंबील आंबत घातली, नवं मडकं रंगवलं, कोपीचा कडबा स्वतः निवडून ठेवला. त्याच रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी गाव रानात निघालं आणि ती गेली.

“तिची येळवस तशीच ऱ्हायली,” कमलबाई म्हणाली. “ती आंबील कुणी प्यालं न्हाई. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. कोण वतून देणार? मडकं तसंच ऱ्हायलं बग.”

“त्यास्नी न्यायला आलीय का ती, आत्या?”

“ते मला ठावं न्हाई. पर कालव्याकडं गेल्यात. जा तू. आन एक ऐक, भांडाया जाऊ नगस. वाढलं तर नगं म्हणू नगस.”

आता यावर काय म्हणायचं? मेलेल्याच्या हातचं खाऊ नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खाल्लं की माणूस त्यांच्या पंगतीचा होतो. आणि ही म्हातारी सांगते, नको म्हणू नकोस. दैवशाला ओढा उतरली तेव्हा ऊन तांबूस झालं होतं, आणि तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. टाक तिच्या छातीवर चालताना आपटत होता. पहिलं लुगडं दिलं, पहिली बांगडी दिली, पहिला घास दिला, आणि आता नवरा मागायला आलीस? तिनं टाक मुठीत धरला. तोही गार लागला.

कालवा खणला तेव्हा रामलिंगचं ते रान मधोमध चिरलं गेलं. उरलेली पट्टी कुणीच पेरत नाही, तिथं तरवड आणि काटेरी बाभळी माजल्यात. कालव्याचं पाणी आवाज न करता जात होतं, आणि असं भरलेलं गप्प पाणी फार वाईट दिसतं. दैवशालानं आधी पाण्याकडंच पाहिलं. मग पट्टीकडं पाहिलं आणि तिथं कोप दिसली.

वर्षानुवर्षं जिथं ज्वारीचं धाट उगवलं नाही तिथं ताज्या कडब्याची कोप उभी होती. निवडून घेतलेला, सारखा, पिवळाधमक कडबा. पुढं घोंगडी अंथरली होती, त्यावर रामलिंग बसला होता, आणि समोर तीन पत्रावळी होत्या. तो हसत होता. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून तो काहीतरी ऐकत होता आणि मान डोलावत होता.

दैवशालाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी परत वर आला. माणूस जिवंत होता. पण असा खुलून हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्याची नजर तिच्याकडं गेली. “या बाई, या,” तो अदबीनं म्हणाला. “लई लांबनं आलाव जणू. बसा.” आणि शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाला, “अगं, पाणी दे यास्नी.”

दैवशाला त्याच्याच तोंडाकडं पाहत होती. खाली पाहिलं तर तिच्या पायापाशी भरलेला तांब्या होता. तांब्याला बाहेरून पाझर सुटला होता.

तिनं तो उचलला नाही. ती उभीच राहिली, आणि जिथं कुणी नव्हतं तिकडं बघून बोलली.

“आक्का, भांडाया आली न्हाई म्या. जे आलं ते आधी तुमाला दिलं, कवा हात आखडला न्हाई. तुमाला सगळं ठावं हाय. ह्यो माणूस तेवढा राहू द्या. त्यास्नी म्या कोण ते बी आता कळत न्हाई. मला बाई म्हंत्यात. तरी मला पायजेत. घरात कुणी खोकलं न्हाई तर मला झोप येत न्हाई.”

कडबा हलला, पण वारा नव्हता. रामलिंग ओशाळून गेला. परक्या बाईनं असं आपल्यासमोर डोळ्यांत पाणी आणावं, हे त्याला काही बरं वाटलं नाही.

“बसा, बाई. आधी जेवा. उपाशी पोटी माणूस कायबी बोलतंय.”

कमलबाईचं बोलणं आठवलं म्हणा, की दुपारपासूनच्या चालण्यानं पाय गेले म्हणा, दैवशाला तिसऱ्या पत्रावळीपुढं बसली. पानावर भज्जी होती, वाफाळलेली, आणि कुठं चूल दिसत नव्हती. उंडा होता, शेंगदाण्याची पोळी होती. तिनं पहिला घास उचलला आणि सवयीनं बाजूला काढून ठेवायला हात वळवला. मनगटावर कुणीतरी थंडगार बोटं ठेवली. हळूच, हात परत पानाकडं वळवण्यापुरती.

तो घास तिनंच खाल्ला. आंबट, तिखट, चवीला इतका चांगला की तिला रडू फुटलं. ती रडत रडत जेवली. पानाचा एक कोपरा रिकामा झाला की डोळे पुसेपर्यंत तो परत भरलेला असायचा. कानापाशी बांगड्या वाजायच्या, आंबील ओतल्याचा आवाज यायचा, आणि पाहिलं की कुणी नसायचं. भीती वाटत होती, अंगावर काटा तर सारखाच होता. पण आईच्या घरातून निघाल्यापासून कुणी तिला असं बसवून, न मागता वाढलेलं तिला आठवेना. घरात शेवटी बसायचं, उरलेलं खायचं, यालाच ती जेवण म्हणत आली होती. आणि वाढायला सुचावं कुणाला, तर हिला.

ती उठली तेव्हा सूर्य बुडाला होता. लांबच्या रानांतून पेटते हेंडगे फिरायला लागले होते, येळवशीला दिवस मावळल्यावर पिकाभोवती फिरवतात ते पेंढीचे पलिते. रामलिंगनं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि कालव्याकडं पाहिलं.

“अंदार पडाया लागला. या काठानं एकट्या कशा जाशाल, बाई? जमाना चांगला न्हाई.” तो शेजारी वळला. “अगं, तू हो म्होरं. यास्नी घरापत्तूर सोडतो आन आलोच म्या.”

‘आलोच’ हा शब्द दैवशालाच्या काळजात गेला. माणूस मिळाला होता, पण दारापर्यंतच.

ते कालव्याच्या काठानं चालले. रामलिंग पाण्याच्या बाजूनं चालत होता, तिला आतल्या अंगाला ठेवून. वाटेत काटेरी फांदी आली तर हातानं धरून बाजूला करत होता. मागून पावलं येत होती. ती दोघं थांबली की तीही थांबायची. दैवशालानं एकदाही वळून पाहिलं नाही. पुढं जायला सांगितलेली मागून का येतेय, हेही तिनं विचारलं नाही.

गावात अजून कुणी परतलं नव्हतं, बालाजी आणि निकिताही अजून सडकेला आणि रानातच होती. गल्लीत खांबावरचा एक दिवा तेवढा जळत होता आणि सगळ्या दारांना कुलपं होती. दैवशालानं कमरेची किल्ली काढली. अंधुक उजेडात किल्ली लवकर बसेना, तेव्हा रामलिंगनंच किल्ली घेऊन कुलूप उघडलं. स्वतःच्या हातानं बसवलेलं कुलूप, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“बरं, येतो बाई,” तो म्हणाला. “ती हुबी हाय.”

“चहा घेतल्याबगर कसं जाताव?” दैवशाला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“नगं, उशीर हुईल. दारात किती येळ थांबंल ती?”

दैवशालानं दिव्याचं बटण दाबलं. उंबऱ्याबाहेर अंधार होता, आणि त्यात काय उभं आहे ते बघायची तिची छाती नव्हती. पण दारातून कुणाला परत पाठवायचं, आणि तेही आजच्या दिवशी, तेही जिनं आत्ताच आपल्याला पोटभर वाढलं तिला, हे तिच्यानं होणार नव्हतं.

“त्यास्नी बी आत बोलवा,” ती म्हणाली, आणि दारातून अंग चोरून बाजूला झाली.

ओल्या मातीचा आणि आंबिलीचा वास तिच्या अंगावरून आत गेला. सोबत विहिरीतल्यासारखा गारवा. रामलिंगही आत आला, खाटेच्या कडेला पाहुण्यासारखा टेकला, आणि भिंतीवरचे फोटो, पेटी, कोपऱ्यातली चूल असं सगळं परक्या नजरेनं पाहत राहिला. दैवशाला गॅसपाशी गेली आणि आधण ठेवलं. मग त्यानं जरा खाकरून विचारलं.

“मालक न्हाइत व्हय घरात?”

तिनं मागं वळून पाहिलं नाही. “न्हाइत. भाईर गेल्यात.”

“कवा येणार?”

“ठावं न्हाई. वाट बगतीय म्या.”

 गल्लीतल्या अंधाराकडं रामलिंगनं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली.

“मग ते येस्तवर बसतो आमी,” तो म्हणाला. “बाईमाणसाला एकटं टाकून कसं जावं?” आणि खाटेवर थोडा सरकून त्यानं शेजारी जागा केली.

दैवशालानं आधणात आणखी एका कपाचं पाणी ओतलं.